ओल्या मापाची वाटी

बायडाबाई उदमले यांची आणि माझी खरी ओळख मी अक्षरे शिकू लागलो तेव्हा झाली. तसे त्यांचे घर मला लहानपणापासून ठाऊक होते. देवळाली प्रवऱ्यातील आमच्या विहिरीवरची मोट त्यांच्या सासऱ्यांनी शिवलेली होती, आणि ती उसवली की मीच ती खांद्यावर टाकून त्यांच्या ओट्यापर्यंत नेत असे. परंतु त्या ओट्यावर मी कधी पाऊल ठेवले नव्हते. मोट खाली टाकायची, काम सांगायचे आणि परत फिरायचे, अशी आमच्याकडची रीत होती. ते पाऊल मी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, म्हणजे १९७३ च्या दसऱ्यानंतर, हातात पाटी घेऊन ठेवले. त्या ओट्यावर मोठ्या माणसांचा वर्ग भरत असे, आणि ‘ब’ हे अक्षर मी बायडाबाईंच्या नावावरून गिरवले. तो वर्ग तेथे कसा आला, ही हकीकत त्यांनी आणि त्यांच्या जाऊबाई चांगुणा यांनी मला वेळोवेळी सांगितली. ती येथे लिहीत आहे.

उदमल्यांच्या घरी तीन पिढ्या मोटा शिवल्या जात. पुढे विहिरींवर इंजिने बसली आणि मोटा गोठ्यांच्या आढ्याला जाऊन लटकल्या. बायडाबाईंचे पती रंगनाथ हे त्याच सुमारास वारले. चांगुणाचा नवरा साखर कारखान्यावर हमालीला गेला. घरात राहिल्या दोघी जावा, चामडे भिजवण्याची एक दगडी कुंडी, आणि चामडे कापण्याची रंगनाथांची रापी. पुरुषाच्या हातची रापी बाईने धरू नये असे भावकीने सुचवून पाहिले. त्यावर बायडाबाईंनी रापी पुढे केली आणि म्हटले, “मंग तुमी धरा. मोटंची सोंड कापून दावा.” कोणीही धरली नाही. तो विषय तेथेच मिटला.

पुढे दुष्काळाचे वर्ष आले. सरकार गावोगाव कूपनलिका खोदू लागले आणि त्यांवर बसवायला हातपंप हवे झाले. नगरला पंप तयार करणारा एक मोठा कारखाना होता. हातपंपाच्या आत वर-खाली होणारा दट्ट्या असतो, आणि त्यावर चामड्याची एक वाटी बसवलेली असते. ती वाटी नळाला घट्ट लागली तरच पाणी वर येते. या वाट्या कारखाना दूर कानपूरहून आणत असे. मागणी वाढली, तशा त्या वेळेवर येईनात. म्हणून कारखान्याने ठरवले की जवळच्या गावांतील चामड्याचे काम करणाऱ्यांकडून त्या करून घ्याव्यात. केडगावचा मच्छिंद्र नावाचा एक मध्यस्थ नमुन्याच्या वाट्या घेऊन फिरू लागला. त्यातली एक त्याने बायडाबाईंच्या हातावर ठेवली.

“अशी हुबेहूब करायची. जमंल का?”

“मोट शिवणाऱ्या घराला वाटी जमंल का म्हून इचारतोस?” बायडाबाई म्हणाल्या. “गोधडी शिवणारीला रुमाल दे आनि इचार.”

येथेच चूक झाली, आणि ती मोट शिवणाऱ्या घराखेरीज दुसऱ्या कोणाकडून झाली नसती. त्या घराचा एक कडक नियम होता : चामडे कधीही कोरडे मापायचे नाही. मोट पाण्यात जगते. कोरड्या मापाने शिवली तर भिजल्यावर फुगते आणि टाके तुटतात. सासऱ्यांनी हा नियम नव्या सुनेला चूल दाखवण्याआधी सांगितला होता. म्हणून बायडाबाईंनी कारखान्याची ती नमुन्याची वाटी आधी कुंडीत बुडवली, दिवसभर भिजू दिली, आणि मग दोरीने तिचा घेर घेतला. आपले चामडेही भिजवले, लाकडी ठोकळ्यावर ओढून वाटीचा आकार दिला, आणि ओलेपणी दोन्ही घेर तंतोतंत जुळले तेव्हाच हातातून सोडले. दीडशे वाट्या सावलीत वाळवून त्यांनी पाठवून दिल्या.

दीडशेही परत आल्या. पोत्याला एक इंग्रजी चिठ्ठी बांधलेली होती आणि तिच्यावर लाल शिक्का होता.

बायडाबाई ती चिठ्ठी घेऊन शाळेत गेल्या. गुरुजींनी वाचून सांगितले, “नापास. माल लहान आहे, असे लिहिले आहे.”

“कशापरीस लहान?”

“ते लिहिलेले नाही.”

त्यांनी पुन्हा दीडशे केल्या, अधिक काळजीने भिजवून, अधिक नीट जुळवून. त्याही परत आल्या. चिठ्ठी तीच, शिक्का तोच. या खेपेस मच्छिंद्राने पोते ओट्याखालीच टाकले.

“बाई, ऐका माझं. गावातल्या समद्या बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडत्यात. तुमीबी चला. ही कंपनीची कामं हाईत, त्याला शिकलेलं मानूस लागतं.”

चांगुणा हळूच म्हणाली, “आक्का, घन काय आन् रापी काय. हात तर आपलेच ना?”

बायडाबाईंनी तिच्याकडे असे पाहिले की ती आत निघून गेली. खडी फोडण्यात कमीपणा आहे असे त्यांना वाटत नव्हते. पुढे त्या मला म्हणाल्या की, घण उचलला असता तर रापी पुन्हा हाती आली नसती. चामडे ओळखणारे बोट एकदा दगडाने निबर झाले की त्याला काही कळत नाही. घरातली शेवटची कसब असलेली बोटे त्यांचीच उरली होती. ती वाचवायची की घालवायची, एवढाच प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने त्या नगरला गेल्या. पोते डोक्यावर, नमुन्याची वाटी कनवटीला. कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने अडवले.

“कोण पाहिजे?”

“ज्यानं हे नापास केलं त्यो.”

“पास घ्यावा लागतो आत जायला.”

“म्हनूनच आले. दोनदा नापास केलं, तवा पास कुनाकडं मिळतो ते बगाया.”

पहारेकरी हसला, पण फाटक उघडले नाही. बायडाबाई पोत्यावर बसल्या. ट्रक आला की बाजूला होत आणि पुन्हा येऊन बसत. तासाभराने पहारेकऱ्यालाच अवघड वाटू लागले आणि त्याने तपासणी खात्यातील नूरुद्दीन यांना बोलावून आणले. नूरुद्दीन हे नगरचेच, चाळिशीचे, खाकी डगल्यातले शांत गृहस्थ होते. येणारा प्रत्येक सुटा भाग त्यांच्या टेबलावरून जात असे. ते बाईंना टेबलापाशी घेऊन गेले. टेबलाला साखळीने बांधलेल्या दोन लोखंडी कड्या होत्या, एक थोडी मोठी, एक थोडी लहान.

“हे बघा बाई. वाटी मोठ्या कडीतून गेली पाहिजे आणि लहान कडीत अडली पाहिजे. तुमची बघा.” त्यांनी पोत्यातली एक वाटी लहान कडीवर ठेवली. ती टपकन खाली पडली.

बायडाबाईंनी दुसरी ठेवली. तीही पडली. चार-पाच झाल्यावर त्या म्हणाल्या, “ही कोरडी हाय. कोरड्याचं माप कोन घेतंय? पानी आना.”

“पाणी कशाला?”

“तुमचा पंप काय उन्हात चालतो व्हय?”

भिंतीवर आग विझवण्याच्या पाण्याची लाल बादली टांगलेली होती. नूरुद्दीन नको नको म्हणेपर्यंत बायडाबाईंनी ती उतरवली आणि दहा वाट्या तिच्यात टाकल्या. मग त्या बादलीशेजारी मांडी घालून बसल्या. बातमी खात्याभर पसरली. खरेदी विभागाचे कुलथेसाहेब खाली आले, तेव्हा जेवणाच्या सुट्टीची शिटी झाली होती आणि टेबलाभोवती वीसेक कामगार डबे हातात घेऊन उभे होते. बायडाबाईंनी वाटी बाहेर काढली, पदराने टिपली आणि लहान कडीवर ठेवली. वाटी अडली. मोठ्या कडीतून सरळ गेली. दहाच्या दहा वाट्यांचे तसेच झाले.

“आता कोन नापास?” त्यांनी विचारले.

कामगारांत हशा पिकला. कुलथेसाहेब मात्र हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी पोत्यातली एक कोरडी वाटी उचलली, बाईंना मागच्या अंगणात नेले, आणि तेथे चाचणीसाठी उभ्या केलेल्या हातपंपात ती बसवायला लावली. “आता हाणा,” ते म्हणाले.

बायडाबाईंनी दांडा हाणला. वीस वेळा, तीस वेळा. पंप नुसता फुसफुसत राहिला.

“गावात पाणी खाली गेले की पंप दोन-दोन दिवस उभा राहतो,” साहेब म्हणाले. “आतली वाटी वाळते. मग एखादी बाई घागर घेऊन येते, पन्नास वेळा दांडा मारते, आणि पंप बंद आहे म्हणून रिकामी परत जाते. तुमची वाटी भिजल्यावर चांगली आहे. पण वाळली की आटते. कानपूरची इतकी आटत नाही.”

बायडाबाई दांडा धरून उभ्या राहिल्या. त्या वर्षी त्या स्वतः रोज घागर घेऊन रांगेत उभ्या राहत होत्या. असा फुसफुसणारा दांडा त्यांच्या ओळखीचा होता. कोरड्या मापालाही अर्थ आहे, हे त्यांना त्या क्षणी पटले, आणि आपल्या सासऱ्यांचा नियम अपुरा आहे हेही पटले. परंतु मान खाली घालण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

“साहेब, हे तुमी आत्ता सांगितलं. दोन खेपा नुसतं नापास लिवलं. हे आधी का न्हाई सांगितलं?”

“बाई, आमच्याकडे साठ गावांतून माल येतो. कंपनी म्हणजे काही शाळा नाही.”

“नापास करता तर शाळाच झाली की! शाळंत आधी शिकवत्यात आन् मंग नापास करत्यात. तुमी आधी नापास करता, आनि शिकवायचं नावच न्हाई.”

कुलथेसाहेबांनी पंपातली वाटी काढून हातात घेतली. मग त्यांनी त्यांच्या मते एक सोय सुचवली : कारखाना तयार कमावलेले चामडे पाठवील, बाईंनी ते फक्त ठरल्या आकारात कापून द्यावे. बायडाबाई म्हणाल्या, “कापायला तुमच्याकडं यंत्र आसंल. माझ्याकडं कशाला पाठवता? दया म्हून? मला माल करायचा हाय. ह्यो जो मानूस नापास करतो, त्याला माझ्या ओट्यावर पाठवा. त्यानं तिथं बसून एक वाटी करून दावावी. केली तर मी शिकंन. न्हाई केली तर तुमी शिका.”

साहेबांनी नूरुद्दीन यांच्याकडे पाहिले. नूरुद्दीन म्हणाले, “साहेब, बाईंचं खोटं नाही. मला नापास करता येतं. वाटी करता येत नाही.”

असे ठरले की नूरुद्दीन यांनी पंधरा दिवस देवळालीस जावे. कारखाना एक लोखंडी साचा आणि तपासणीच्या कड्यांची एक जोडी देईल. एक महिन्याच्या आत पाचशे वाट्या पास झाल्या तर काम कायम राहील. न झाल्यास आसपासच्या गावांतले काम बंद करून सर्व वाट्या पुन्हा कानपूरहून मागवल्या जातील. बायडाबाईंनी मुदतीत एक दिवसही वाढवून मागितला नाही.

नूरुद्दीन आले त्या दिवशी अर्धी वस्ती बघायला जमली. मोठ्या कारखान्याचा माणूस चर्मकाराच्या ओट्यावर मांडी घालून बसतो आणि त्याच घरचा चहा पितो, हे गावाला नवे होते. त्यांनी पहिल्या दिवशी स्वतः तीन वाट्या केल्या. एक वाकडी झाली, एक चिरली, तिसरीला तळ राहिला नाही.

चांगुणाने तिसरी बोटावर फिरवली. “नूरभाई, ही नापास. चिठ्ठी लिवू का?”

“लिहा की,” ते हसत म्हणाले. “लिहिता येतं का?”

चांगुणाचे हसू मावळले. नूरुद्दीन यांनाही आपण काय बोलून गेलो ते कळले आणि त्यांनी कान पकडले. बायडाबाई हा प्रसंग विसरल्या नाहीत.

खरा प्रश्न चामडे कमी आटावे कसे, हा होता. कानपूरच्या वाटीत तेलमेण मुरवलेले असते, एवढे नूरुद्दीन यांना माहीत होते. ते कसे मुरवतात हे कारखान्यात कोणालाच माहीत नव्हते. बायडाबाईंनी मोट शिवण्याच्या दोऱ्याचे जुने रीळ आणून पुढे ठेवले. “ह्या दोऱ्याला आमी मधाच्या पोळ्याचं मेण लावतो, म्हून त्यो पान्यात फुगत न्हाई. दोरा फुगत न्हाई तर चामडं का फुगंल? आनि फुगलंच न्हाई तर आटंल कसं?” त्यांनी मेण आणि करंजाचे तेल एकत्र वितळवले आणि पूर्ण वाळलेली वाटी त्यात बुडवली. वाटी पापडासारखी कडक होऊन तुटली. मिश्रण फार तापले होते.

नूरुद्दीन यांनी नगरहून उष्णता मोजायची काचेची कांडी आणली. दोन दिवस प्रयोग करून त्यांनी योग्य आकडा शोधला. बायडाबाईंना आकडे वाचता येत नसल्याने त्यांनी कांडीवर त्या जागी लाल दोरा बांधला. “पारा दोऱ्यापर्यंत आला की विस्तव ओढायचा. वाचायची गरजच नाही.”

“आनि दोरा सरकला तर?” बायडाबाईंनी विचारले.

“नाही सरकत. घट्ट बांधलाय.”

मुरवलेली वाटी त्यांनी कोरडी असताना लहान कडीत टाकली, ती अडली. दिवसभर भिजवून टाकली. तरीही मोठ्या कडीतून गेली. चांगुणा ओट्यावरच नाचली. नूरुद्दीन साचा आणि कड्या सोपवून नगरला परतले. पुढचे दहा दिवस दोघी जावांनी आणि शेजारच्या चार बायकांनी मिळून वाट्या केल्या. मच्छिंद्र दोनदा येऊन डोकावून गेला. “जमलं वाटतं,” असे तो म्हणाला. बायडाबाईंनी त्याला बसायला सांगितले नाही.

मुदतीला सहा दिवस राहिले असताना चांगुणाने कांडीला मेणाचे थर चढलेले पाहिले आणि ती कोमट पाण्याने स्वच्छ धुतली. दोरा सरकला. कोणाच्याही ते लक्षात आले नाही. त्या दिवशी मुरवलेल्या शंभर वाट्या हाताने दाबताच तडातडा तुटल्या.

चांगुणा रडू लागली. बायडाबाई तिच्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी तुटक्या वाट्यांचा ढीग बराच वेळ पाहिला. मग कांडी उचलली आणि तिच्यावरच्या बारीक रेघा व चिन्हे डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. सारे काही तेथेच लिहिलेले होते. जो आकडा दोरा सरकला तरी हलला नव्हता, तो त्यांना दिसत होता आणि कळत नव्हता. पुढे मला त्या म्हणाल्या, “मला आयुष्यात कदी लाज वाटली न्हाई. त्या दिशी वाटली, आनि मंग लई राग आला.”

त्या दिवसापासून त्यांनी दर घाण्याला आधी एकच वाटी मुरवली, ती वाकवून पाहिली, आणि ती तुटली नाही तरच बाकीच्या घातल्या. बोटांनी त्यांना जे कळत होते, त्यावर उरलेले सारे काम त्यांनी रेटले. चामडे कमी पडले तेव्हा त्यांनी आढ्यावरची रंगनाथांनी शिवलेली शेवटची मोट खाली उतरवली. ती त्यांनी आठवण म्हणून ठेवली होती. चांगुणा म्हणाली, “आक्का, ही नको.” बायडाबाई म्हणाल्या, “आढ्याला टांगून ती कुनाचं पानी काढतीया?” आणि त्यांनी तिच्यात रापी घातली.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी पाचशे वाट्या नगरला पोहोचल्या. बायडाबाई स्वतः टेबलापाशी उभ्या राहिल्या. नूरुद्दीन यांनी एकही वाटी सवलतीने सोडली नाही. बाईंची तशी अपेक्षाही नव्हती. अकरा वाट्या बाद झाल्या. बायडाबाईंनी पदराखालून एक पिशवी काढली. “ह्या पंधरा जादा हाईत. बाद हुनार हे मला ठावं हुतं.” त्यातून अकरा पास करून घेतल्या, आणि चार पिशवीत परत टाकल्या.

कुलथेसाहेबांनी त्याच दिवशी वाटीच्या नकाशाचा कागद मागवला. त्यावर आजवर एकच माप होते. त्यांनी बाईंच्या देखत त्याखाली दुसरी ओळ लिहिली : ओले माप. साठही गावांतल्या कारागिरांना तो नवा कागद पाठवण्याचा आणि नूरुद्दीन यांना आळीपाळीने त्या गावी बसवण्याचा हुकूम त्यांनी दिला. मग त्यांनी बाईंना खुर्ची दिली आणि विचारले, “बायडाबाई, काम कायम झाले. आता कंपनीकडून आणखी काय हवे? दुसरा साचा देऊ? चामड्याची सोय करू?”

नूरुद्दीन यांनी हळूच सुचवले, “साचा मागा, बाई. साचा मागा.”

बायडाबाई खुर्चीवर बसल्या नाहीत. त्यांनी बाद झालेल्या अकरा वाट्या आपल्या ओच्यात घेतल्या, टेबलावरचे कोऱ्या चिठ्ठ्यांचे पुस्तक उचलून साहेबांपुढे ठेवले आणि म्हणाल्या :

“नापासाची चिठ्ठी मराठीत लिवा. काय चुकलं ते समदं लिवा. आनि ती वाचाया शिकवनारं एक मानूस आठवड्यातनं दोन दिस माझ्या ओट्यावर धाडा.”